मोबाईलवरचं एंजिन +०.८ म्हणतं, लॅपटॉपवरचं −०.३, मग खरं कुठलं?

तुम्ही बुद्धिबळाच्या एंजिनबद्दल, म्हणजे पोझिशन तपासून आकडा देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल (प्लस म्हणजे पांढरा बरा, मायनस म्हणजे काळा), विचारलंय ते असं. मुलगी तेरा वर्षांची, अंडर-१५ खेळते, शनिवारी पांढऱ्याने गेम हरली. १९ व्या चालीला तिला उंटाने एच७ या घरातलं प्यादं मारून सॅक्रिफाइस करता येत होता, म्हणजे हल्ल्यासाठी उंट मुद्दाम देता येत होता, तिने तो न करता हत्ती ई१ वर आणला. तुम्ही हॉलच्या बाहेर मोबाईलवर पोझिशन लावलीत, सॅक्रिफाइसला +०.८ आलं, फोंड्याहून घरी येताना गाडीत तुम्ही तिला बोललात. रात्री लॅपटॉपवर वीस मिनिटं चालवलंत तर त्याच चालीला −०.३. आता कुठलं खरं मानायचं आणि एंजिन किती वेळ चालवायचं, हा प्रश्न. सोबत गेमच्या सगळ्या चाली पाठवल्यात ते बरं केलंत, नाहीतर मला नुसतं १९ व्या चालीवर बोलत बसावं लागलं असतं.

आधी उत्तर सांगतो. −०.३ जास्त बरोबर आहे, बायने, म्हणजे तुमच्या मुलीने, सॅक्रिफाइस केला नाही ते योग्यच केलं, आणि गेम तिथे गेलाच नाही. गेम गेला ६१ व्या चालीला, तिचा हत्ती जी१ वर गेला तेव्हा. त्या चालीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. मला वाटतं त्याचं कारण असं, की तिथपर्यंत शंभर वेळा ०.०० दिसत होतं आणि ०.०० दिसलं की माणूस पुढे स्क्रोल करतो. मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय, आणि एंजिनमुळे आईवडलांचं सगळ्यात जास्त कुठे चुकत असेल तर इथेच.

आता १९ वी चाल बघू. काळ्याचं कॅसलिंग झालंय, म्हणजे राजा जी८ च्या कोपऱ्याकडे गेलाय, एफ६ वर घोडा नाही, तुमच्या बायचं प्यादं ई५ वर, उंट डी३, घोडा एफ३, वजीर डी१ वरून एच५ ला जायला तयार. पुस्तकात शिकवतात तसाच सगळा माल आहे, कोणाचाही हात एच७ कडे जाईल. उंट एच७ शह, राजा मारतो, घोडा जी५ शह, मग राजा जी८ ला परत गेला तर वजीर एच५ आणि एच७ वर मात यायला लागते. पण काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट ए६ वर होता आणि पांढऱ्याचं सी प्यादं सी३ वर पुढे आलेलं. म्हणजे वजीर एच५ वर आला रे आला की काळ्याचा उंट ए६ वरून सरळ डी३ वर बसतो, तिथून एच७ राखतो, आणि त्याला हुसकावायला प्यादं नाही. तुम्हीच लिहिलंय की बाय गाडीत म्हणत होती "बाबा तो उंट डी३ ला येतो". तिला ते दिसलं होतं! बोर्डवर घड्याळ चालू असताना तेरा वर्षांच्या मुलीला ते दिसतं, ही त्या गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे आणि ती तिला कोणीतरी सांगायला हवी.

मग मोबाईल +०.८ का म्हणत होता? उंट डी३ त्यालाही दिसतो, दोन-तीन चालींचं तर आहे ते. पण त्यानंतर पांढऱ्याचा हत्ती ई१ वरून ई३, मग एच३ असा येतो आणि ॲटॅक जोरात दिसतो, मोबाईल साधारण तिथपर्यंत पोचून थांबला. लॅपटॉप आणखी पुढे गेला तेव्हा त्याला काळ्याचा उंट डी३ वरून जी६ वर मागे येऊन वजिराला हाकलताना दिसला, आणि मग दिलेल्या उंटाच्या बदल्यात पुरेसं काही उरत नाही. दोन्ही एंजिन बहुतेक एकच, स्टॉकफिश. फरक त्याला किती वेळ आणि किती ताकद मिळाली त्याचा. ब्राउझरमध्ये चालणारं स्टॉकफिश नेहमी थोडं हळू असतं, त्यात मोबाईल तापला की प्रोसेसर आपोआप मंद होतो, मे महिन्यात हॉलबाहेर उन्हात उभं राहून काढलेला आकडा तर मी बघतही नाही.

डेप्थ (एंजिन किती खोल गेलं ते) ३० दिसलं म्हणजे तीस चालींपर्यंतचं सगळं तपासून झालं असं नसतं हेही लक्षात ठेवा. एंजिन पुढच्या चालींच्या बिनकामाच्या वाटतात त्या फांद्या लवकर छाटतं आणि थोड्याच फांद्या खोल नेतं, म्हणून ते इतकं खोल जाऊ शकतं, आणि म्हणूनच कधी कधी बरोबर फांदी सुरुवातीला छाटली जाते आणि फार उशिरा परत सापडते. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवणारा डीप ब्लू हा कॉम्प्युटर सेकंदाला सुमारे २० कोटी पोझिशन बघायचा, तुमच्या घरचा लॅपटॉप त्याच्या आसपासही जात नाही, तरी आजचं स्टॉकफिश त्याच्यापेक्षा कितीतरी जोरदार आहे. कारण काय बघायचं नाही हे त्याला फार चांगलं कळतं, आणि २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून पोझिशनची किंमत ठरवायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेलं गणित, आलं.

आकडे जुळत नाहीत तेव्हा मी पहिल्यांदा बुद्धिबळ बघतच नाही, पोझिशन नीट लावलीय का ते बघतो. हाताने सोंगट्या मांडून पोझिशन केली तर चाल कोणाची हे उलटं राहून जातं, कॅसलिंगचा हक्क उगाच चालू राहतो, एखादं प्यादं एका घराने चुकतं. आणि प्लस-मायनसचा घोटाळा तर कायमचा, बहुतेक ॲपमध्ये प्लस म्हणजे पांढरा बरा, पण काही प्रोग्रॅममध्ये ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने आकडा येतो, तिथे काळ्याची चाल असली की सगळं उलटं वाचलं जातं. माझ्या क्लासमध्ये एका मुलाने आठवडाभर एक ओपनिंग सोडून दिलं होतं केवळ या कारणाने. म्हणून सोंगट्या मांडू नका, गेमच्या चाली पहिल्यापासून टाका आणि चालत चालत त्या पोझिशनला या.

व्हर्जनचाही फरक पडतो. पूर्वी +१ म्हणजे साधारण एका प्याद्याएवढा फायदा असं आपण शिकलो. स्टॉकफिश १५.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२२ पासून, तो आकडा प्याद्याला बांधलेला नाही, +१ म्हणजे तितक्याच ताकदीच्या एंजिनसमोर जिंकायची शक्यता ५० टक्के असं माप केलंय. जुन्या ॲपचा +०.८ आणि नव्याचा +०.८ म्हणून एक धरू नका. आणि हे माप दोन एंजिनमधलं आहे, अंडर-१५ मधल्या दोन मुलांमधलं नाही. +०.८ असलेली पोझिशन तेरा वर्षांच्या मुलीला सांभाळायला अवघड असू शकते आणि −०.३ असलेली खेळायला मस्त.

लॅपटॉपवर चालवताना दोन सेटिंग तेवढी बघा. स्टॉकफिश मुळात एकच थ्रेड (एका वेळी चालणारं एक काम) आणि १६ एमबी हॅश (सापडलेलं लक्षात ठेवायची मेमरी) घेऊन सुरू होतं, बरेच जण तसंच चालवतात आणि मग म्हणतात हळू आहे. तुमचा ८ जीबीचा लॅपटॉप आहे म्हणालात, हॅश १ जीबी करा, थ्रेड जितके कोअर असतील त्यापेक्षा एक कमी ठेवा म्हणजे मशीन अडकणार नाही. जास्त थ्रेडवर एकच पोझिशन दोनदा चालवली तर आकडे थोडे वेगळे येतात, थ्रेड एकमेकांच्या आधी-नंतर पोचतात म्हणून तसं होतं, त्यात बिघाड काही नाही. ०.१-०.२ च्या फरकासाठी रात्र जागवू नका.

किती वेळ? साध्या पोझिशनला एक-दोन मिनिटं पुरे. सॅक्रिफाइसच्या पोझिशनला मी मिनिटं मोजत नाही, चालून बघतो. एकाच जागी वीस मिनिटं ठेवण्यापेक्षा एंजिनची पहिली चाल खेळा, समोरच्याचं उत्तर खेळा, असं पाच-सहा चाली पुढे जा, तिथे अर्धा मिनिट थांबा, आणि मग एक एक चाल मागे येत जा. पुढे जे सापडलं ते हॅशमध्ये राहतं, मागे येताना आकडा बदलतो. तुमची पोझिशन मी अशीच बघितली, एच७ च्या फांदीत पुढे जाऊन काळ्याचा उंट जी६ वर आणला आणि मागे येताना +०.६ होतं ते −०.२, −०.३ वर आलं. चार मिनिटं लागली. मोठी पोझिशन असली आणि घरी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलं तर लीला हे दुसरं एंजिन पण लावून बघा, ते २०१८ पासून आहे, स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमच्या वाटेने बनवलेलं, पोझिशन कमी बघतं पण वेगळ्या पद्धतीने. दोघं भांडायला लागली की समजायचं इथे खरोखर काहीतरी खोल आहे.

एकच लाईन, म्हणजे एंजिनने सुचवलेली चालींची मालिका, दाखवायला ठेवू नका, तीन किंवा चार ठेवा. वेग थोडा कमी होतो, होऊदे. पहिल्या चार चाली +०.३, +०.३, +०.२, +०.२ असतील तर ती क्रिटिकल पोझिशन नव्हेच, तिथे मुलीला जी चाल कळते ती खेळायची. पहिली ०.०० आणि दुसरी −४ असेल तर तिथे थांबायचं, कारण तिथे एकच दोर होता आणि तो पकडायचा होता. १९ व्या चालीला तुमच्याकडे हत्ती ई१ +०.३, आणखी दोन चाली जवळपास तेवढ्याच, आणि एच७ −०.३. म्हणजे निवांत पोझिशन होती. आणि ६१ व्या चालीला?

तिथे चला. पांढरा राजा ई१, हत्ती जी३. काळा राजा डी४, हत्ती ए२, प्यादं ई४ वरून आत्ताच ई३ वर आलं. चाल पांढऱ्याची. याच्या आधी बायने बारा-तेरा चाली हत्ती तिसऱ्या ओळीवर ठेवून काळ्या राजाला खाली उतरू दिलं नाही, एकदम बरोबर, हा फिलिडोरचा बचाव, अठराव्या शतकापासून माहीत आहे. पण या बचावाचा दुसरा अर्धा भाग असा की प्यादं तिसऱ्या ओळीवर आलं की त्याच क्षणी हत्तीने लांब जायचं, जी८ ला, आणि मागून शह द्यायला सुरू करायचं. प्यादं ई३ वर आल्यामुळे काळ्या राजाला आता लपायला तिथे घरच राहिलं नाही. राजा डी३, हत्ती डी८ शह, राजा ई४, हत्ती ई८ शह, राजा एफ३, हत्ती एफ८ शह, आणि राजा प्याद्यापासून लांब गेला की ई८ वर परत येऊन प्यादंच धरायचं. ड्रॉ.

ती हत्ती जी१ वर घेऊन बसली, घराशी. राजा डी३, आता ए१ वर मात आहे. राजा एफ१ केला तर हत्ती ए१ शह, राजा जी२, हत्ती जी१ मारतो, राजा मारतो, आणि काळा राजा डी२ वर आला की प्याद्याला कोणी अडवत नाही. जी४ वरून शह देऊन बघितला असता तरी राजा डी३ वर येतो, पुढचा शह द्यायला जागा नाही आणि एक चाल वाया. हत्ती घराच्या ओळीवर ठेवून बचाव करणं ए किंवा बी, जी किंवा एच प्याद्यासमोर चालतं, मधल्या प्याद्यासमोर चालत नाही. हे तिला माहीत नव्हतं, बस एवढंच. या एका गोष्टीने अर्धा पॉइंट गेला, आणि घरी सगळं बोलणं झालं ते एच७ चं.

इथे तर तुम्हाला एंजिनचीही गरज नाही. पाच सोंगट्या आहेत, हे टेबलबेसमध्ये, म्हणजे थोड्या सोंगट्यांच्या पोझिशनच्या तयार उत्तरांच्या साठ्यात, सोडवून झालंय. सिझिजी म्हणून जे टेबलबेस आहे त्यात राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या पोझिशनचा निकाल पक्का आहे, लिचेस या वेबसाइटवर फुकट बघता येतं, पाचपर्यंतचं तर सुमारे १ जीबीचं, लॅपटॉपवरही उतरवता येईल. तिथे +०.८ सारखा अंदाज येत नाही, जिंकलं, हरलं की ड्रॉ ते पक्कं कळतं. पण तो फक्त कुठल्या चाली ड्रॉ ते सांगतो, जी८ पण ड्रॉ आणि जी७ पण ड्रॉ, का ते सांगत नाही. का ते तुम्ही किंवा मी किंवा एखाद्या पुस्तकाने सांगायचं.

०.०० बद्दल थोडं जास्त लिहितो कारण मला यातच सगळ्यात जास्त मुलं पडताना दिसतात. ०.०० म्हणजे "काही होत नाही" असं नव्हे. कधी ते खरोखर मेलेली पोझिशन असते, कधी कायमचा शह असतो, कधी अकरा वेळा एकच बरोबर चाल सापडली तर ड्रॉ असतो. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचा चौदावा गेम आठवा, तेव्हाचा जगज्जेता चीनचा डिंग लिरेन पांढरा, आपला गुकेश काळा, स्कोअर साडेसहा-साडेसहा, दोघांकडे हत्ती आणि उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. बघणारे सगळे ड्रॉ धरून बसलेले. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला, हत्ती मारामारी झाली आणि गुकेशने उंट डी५ वर ठेवला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, तिथून पळायला वाट नाही, उंटांचीही अदलाबदल झाली आणि उरलेला प्याद्यांचा शेवट हरलेला. जगज्जेत्याला थकल्यावर ते होतं. म्हणून एंजिन ०.०० म्हणत असताना मी मुलांना विचारतो, "आत्ता काळा काय करायला बघतोय?" उत्तर आलं नाही तर आमच्यासाठी ती पोझिशन ०.०० नाहीच.

गोव्यात हडफड्याला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला तेव्हा क्लासमधली मुलं मोबाईलवर गेम बघायची, आणि बघायची काय तर बाजूची, कोण बरा ते दाखवणारी एंजिनची पट्टी. पट्टी हलली की ओरडा, नाही हलली की कंटाळा. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं पट्टी बंद करा, प्रत्येकाने एकच गेम धरा आणि पुढची चाल वहीत लिहा. पहिले दोन दिवस कोणालाच आवडलं नाही. नंतर उझबेकिस्तानचा सिंदारोव स्पर्धा जिंकेपर्यंत तीन-चार मुलं वही सोडायला तयार नव्हती. गोव्यातून अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोंसा ग्रँडमास्टर झाले, भक्ती कुलकर्णीला अर्जुन पुरस्कार मिळाला, या मुलांना ते जवळचं वाटतं आणि वाटायलाच हवं.

माझा नियम त्यामुळे साधा आहे आणि मी तो मोडू देत नाही. गेम झाला की त्या दिवशी एंजिन नाही. हरलेल्या मुलीला गरम भाजी-पाव द्या आणि झोपू द्या. दुसऱ्या दिवशी लाकडी बोर्डवर गेम परत मांडायचा आणि तिने स्वतः पेनने लिहायचं, कुठे वेळ जास्त गेला, कुठे भीती वाटली, कुठली चाल सोडली आणि का सोडली. "उंट डी३ ला येतो" ही ओळ त्या वहीत यायला हवी. मग एंजिन उघडायचं आणि तिच्या ओळी त्याला विचारायच्या, त्याची लाईन वाचायची नाही. तिची चाल एंजिनला आवडली नाही तर ती चाल बोर्डवर खेळायची आणि समोरून एंजिन कसं मारतं ते बघायचं, दोन-तीन चालीत कारण दिसतं. नाही दिसलं तर धमकी बघायची, म्हणजे आपली चाल सोडून दिली असं समजून समोरच्याला लागोपाठ दुसरी चाल द्यायची, तो काय करायला बघत होता ते उघडं पडतं. बऱ्याच ॲपमध्ये त्याचं बटण असतं.

हा नियम मी पूर्वी पाळत नव्हतो. एका हुशार मुलाला मी एंजिनची लाईन पाठ करून घेतली होती, २२ चाली, शेवटी ०.००. स्पर्धेत समोरच्याने १७ व्या चालीला वेगळंच खेळलं, एंजिनच्या मते वाईट चाल, आणि त्या मुलाला ती वाईट का हे माहीतच नव्हतं. हरला. घरी जाताना त्याने मला विचारलं "सर, पुढे काय होतं?" आणि मला लॅपटॉप उघडल्याशिवाय सांगता येईना. ते मला अजून लागतं.

आणखी एक, हॉलमध्ये आणि हॉलच्या दारात मोबाईलवर पोझिशन लावू नका. गेम संपलेला असला तरी बाजूला दुसऱ्या मुलांचे गेम चालू असतात, खेळाडूंना तर मोबाईल बंदीच आहे, आणि आर्बिटरला, म्हणजे पंचांना, उगाच शंका यायला नको.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. एच७ चा विषय बंद करा, फक्त तिला सांगा की ती बरोबर होती, तुमच्या तोंडून. मग पांढरा राजा ई१, हत्ती जी३, काळा राजा डी४, हत्ती ए२, प्यादं ई४, पांढऱ्याची चाल, एवढी पोझिशन लावा आणि तिला पांढऱ्याने एंजिनसमोर खेळू द्या, रोज पाच वेळा. मदत बंद, पट्टी बंद, घड्याळावर तीन मिनिटं. पहिल्या दिवशी एक-दोनदा हरेल, तेव्हा लगेच मागे घेऊ नका, मात होऊ द्या. शुक्रवारपर्यंत जमलं की तीच पोझिशन प्यादं डी वर (आणि दोन्ही राजेही एकेक घर) सरकवून, मग एफ वर, आणि शेवटी तिने काळा घ्यायचा आणि तुम्ही पांढरा, बघा तुम्हाला ड्रॉ राखता येतो का. रविवारी क्लासला येताना तिची वही घेऊन या, लॅपटॉप नको.